एका रात्रीत कुजलेले कोठार : सर्व्हायव्हल गेमच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
वर्षानुवर्षे बदलत राहणाऱ्या सर्व्हायव्हल गेमचे निर्माते, डिझायनर आणि त्यांचे सहकारी

विषय : मोठ्या बदलांनंतर खेळाडूंकडून येणारी नाराजी आणि तिचा अर्थ

स. न. वि. वि.

मोठे अपडेट येते, पहिल्याच आठवड्यात नाराजीचा भडका उडतो, रिव्ह्यूंचा रंग पालटतो, आणि मग तुमच्यापैकी कोणीतरी समजुतीच्या सुरात सांगतो की लोकांना बदल आवडत नाहीत, थोडा वेळ जाऊ द्या, सवय होईल. भूक, थंडी आणि शत्रू यांच्याशी झुंजत जिवंत राहायचे असे हे गेम मी गेली बारा वर्षे खेळतो आहे. त्यांतली बरीचशी वर्षे अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या गेमच्या सोबतीने गेली आहेत. सवय होण्याचे हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. बदल नकोच असता तर आम्ही अपूर्ण गेम विकत घेतलाच नसता. पुढे काय येणार या उत्सुकतेपोटीच आम्ही पैसे मोजले, आणि तरीही तुमच्या काही बदलांनी आम्हाला मनापासून दुखावले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, ते मला सांगायचे आहे.

आधी एक अनुभव सांगतो. त्या गेमचे नाव घेत नाही, कारण ही तक्रार एका गेमपुरती नाही. आम्ही चौघे मित्र एका खासगी सर्व्हरवर एकच जग जवळजवळ तीन वर्षे खेळत होतो. एकाकडे बांधकाम होते, एक शिकारीला जायचा, मी खाणीत असायचो आणि चौथा मित्र कोठार सांभाळायचा. लढाईत त्याचा हात चालत नसे, पण कोणते मांस वाळवले तर किती दिवस टिकते, कोणती पेटी तळघरात ठेवायची, हिवाळा लागण्याआधी किती धान्य साठलेले असले पाहिजे, याचा हिशेब फक्त त्याच्याकडे होता. पहिल्या दोन हिवाळ्यांत आम्ही सगळे उपाशी मेलो होतो, आणि त्या मरणांतूनच त्याने तो हिशेब बसवला होता. एका रात्री अपडेट आपोआप उतरले. बदलांच्या लांबलचक यादीत, अन्न टिकण्याच्या गतीत सुधारणा केली आहे, अशा अर्थाची एक ओळ होती. दुसऱ्या दिवशी आम्ही जग उघडले तेव्हा तीन हिवाळ्यांचे कोठार कुजून गेलेले होते.

बाकीच्या आम्हा तिघांना फारसे काही वाटले नाही. आठवडाभरात आम्ही पुन्हा पुरेसे अन्न जमवले. इतकेच नव्हे, तर नवा नियम जुन्यापेक्षा चांगला होता हेही मी मान्य करतो, कारण जुन्या नियमात एकदा साठा झाला की हिवाळ्याची भीतीच उरत नसे. पण तो मित्र आणखी दोन-तीन संध्याकाळी आला आणि मग यायचा थांबला. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "आता तुम्हाला जेवढे माहीत आहे, तेवढेच मलाही माहीत आहे."

पुढे हे वाक्य मला अनेक गेमच्या बाबतीत आठवत राहिले. इतर प्रकारच्या गेममध्ये खेळाडूची कमाई गुणांत, पातळीत किंवा जिंकलेल्या सामन्यांत साठते. सर्व्हायव्हल गेममध्ये तुम्हीच अशी रचना केली आहे की वस्तूंचा भरवसा धरता येत नाही. मेलो की गाठोडे गेले, वादळ आले की छप्पर गेले, शत्रूने गाठले की सगळा बेस, म्हणजे उभारलेले ठाणे, गेला. या सगळ्यातून गेल्यावर खेळाडूकडे जे उरते ते फक्त ज्ञान असते : कोणते झाड आधी तोडायचे, रात्र कुठे काढायची, कोणता आवाज ऐकला की पळायचे. मृत्यूलाही हात लावता येत नाही अशी ही एकमेव कमाई तुम्ही आम्हाला दिलीत. नियम बदलता तेव्हा तुमचा हात नेमका त्याच कमाईला लागतो. म्हणून आकड्यांत किरकोळ दिसणारा बदलही एखाद्याच्या लेखी मोठा ठरतो.

अशा वेळी डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा दाखला दिला जातो. मिळालेल्या गोष्टीच्या आनंदापेक्षा तेवढीच गोष्ट गमावल्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते, असे तो सांगतो. हे खरे आहे, पण आमच्या नाराजीचे पूर्ण स्पष्टीकरण त्यात नाही. 'रस्ट'कडे पाहा. या गेममध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप होतो. नकाशा पुसला जातो आणि महिनाभर दगडावर दगड रचून उभे केलेले बेस नाहीसे होतात. नुकसान एवढाच मुद्दा असता तर त्या दिवशी लोक गेम सोडून गेले असते. प्रत्यक्षात वाइपच्या दिवशीच सर्व्हर गजबजतात. तारीख आधीपासून ठाऊक असते, नुकसान सर्वांचे सारखे असते, आणि बेस गेला तरी तो उभारण्याची हातोटी जात नाही. उलट रिकाम्या नकाशावर ती दाखवण्याची संधी मिळते. याच 'रस्ट'मध्ये जुलै २०१६ मध्ये अनुभवगुणांची पद्धत आली आणि कोणती वस्तू कधी बनवता येईल हे खेळाडूची पातळी ठरवू लागली. ती पद्धत फार टिकली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती काढून सुट्या भागांवर आधारलेली क्राफ्टिंगची, म्हणजे वस्तू बनवण्याची, पद्धत आणली गेली. दर महिन्याला सर्वस्व गमावायला तयार असलेले हेच लोक त्या चार महिन्यांत मात्र अस्वस्थ होते, याचा विचार बदलाचा तिरस्कार म्हणून होऊ शकत नाही.

बदल कठीण आहे की सोपा, यापेक्षा आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक बोचते, आणि तिच्याकडे तुमचे लक्ष पुरेसे जात नाही असे मला वाटते. सर्व्हायव्हल गेम आपले बरेचसे नियम खऱ्या जगाकडून उसने घेतो. आगीजवळ ऊब मिळते, भिजले की थंडी वाजते, पाणी उकळून प्यावे, हे कोणी शिकवावे लागत नाही, आणि म्हणूनच नवखा माणूसही पहिल्या रात्री काहीतरी करून पाहू शकतो. 'सेव्हन डेज टू डाय'च्या जून २०२३ मध्ये आलेल्या अल्फा २१ या आवृत्तीत काचेच्या रिकाम्या बरण्या काढून टाकण्यात आल्या. त्याआधी तळ्यावर बरण्या भरून आणायच्या आणि शेकोटीवर पाणी उकळायचे, एवढ्यावर तहानेचा प्रश्न कायमचा मिटत असे. पाणी पुन्हा दुर्मीळ व्हावे हा हेतू मला पटतो. त्यासाठी दव गोळा करण्याचे साधनही दिले गेले. पण तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या तहानलेल्या माणसाला ओंजळीने पाणी पिता येत होते आणि बरोबर मात्र नेता येत नव्हते, ही गोष्ट अनेकांच्या मनाला शेवटपर्यंत पटली नाही. तळ्याचे पाणी दूषित झाले असते, उकळायला लागणारे इंधन महाग झाले असते, बरण्या फुटू लागल्या असत्या, तर तेच लोक कुरकुर करत का होईना पण खेळले असते, असे माझे मत आहे. अडचण वाढवली म्हणून आम्ही चिडतो असे तुम्हाला वाटते. आमची चीड बहुतेक वेळा अशी असते की कालपर्यंत जगासारखे वागणारे जग आज कोणाच्या तरी तक्त्यासारखे वागते आहे.

हातांनी शिकलेल्या गोष्टींची तऱ्हा आणखी वेगळी असते. 'माइनक्राफ्ट'च्या २९ फेब्रुवारी २०१६ रोजी आलेल्या १.९ आवृत्तीने लढाईचे नियम बदलले. प्रत्येक घावानंतर शस्त्र पुन्हा पूर्ण ताकदीने चालायला थोडा वेळ लागू लागला, आणि ढाल आली. स्वतःच्या जगात रात्री झॉम्बींना तोंड देणाऱ्या माझ्यासारख्याला ढाल हा फायदाच होता. एकमेकांशी लढणाऱ्या खेळाडूंनी मात्र वेगवान क्लिकचा आणि अंतराचा वर्षानुवर्षे सराव केला होता, आणि तो सराव एका दिवसात निरुपयोगी ठरला. आजही त्या वर्तुळात जुनी, १.९ च्या आधीच्या १.८ आवृत्तीतली लढाई जिवंत आहे. त्या गेमच्या जावा आवृत्तीत लाँचरमधून, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून, जुनी आवृत्ती निवडून उघडता येते, म्हणून हे शक्य झाले. ज्यांना जुने हवे होते ते गेमबाहेर न पडता त्याच्याच एका जुन्या दालनात राहिले. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये लढाईचे नवे प्रयोग मूळ गेममध्ये मिसळण्याआधी वेगळ्या चाचणी आवृत्त्यांतून लोकांच्या हाती दिले गेले, हेही मला त्या अनुभवातून आलेले शहाणपण वाटते.

जमिनीबद्दलही लिहिले पाहिजे. खूप काळ जपलेले जग ही खेळाडूच्या लेखी एक जागा असते. तिथे पहिले झोपडे असते, कोणाच्या तरी चुकीने जळालेले जंगल असते, जिथे गटातला एकजण पहिल्यांदा मेला ती दरी असते. 'माइनक्राफ्ट'च्या सप्टेंबर २०११ मधील बीटा १.८ मध्ये (ही वर आलेल्या १.८ पेक्षा वेगळी, कितीतरी आधीची आवृत्ती) भूभाग घडवण्याची रीत बदलली तेव्हा जुन्या जगांत आधी पाहिलेला प्रदेश आणि नव्याने उलगडणारा प्रदेश यांच्या सीमेवर सरळ कापल्यासारखे कडे उभे राहिले. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मधल्या १.१८ आवृत्तीत जगाची उंची २५६ वरून ३८४ ठोकळ्यांवर गेली. हा आधीच्यापेक्षा कितीतरी मोठा बदल होता, पण त्यात जुन्या आणि नव्या प्रदेशांची सीमा एकमेकांत मिसळून टाकण्याची सोय केलेली होती, आणि जुन्या जमिनीला धक्का न लावता तिच्याखाली नवे खोल थर जोडले गेले. त्या अपडेटचे दोन भाग करावे लागले आणि जाहीर केलेल्या काही गोष्टी लांबणीवर पडल्या, याबद्दल तेव्हा बरीच नाराजी व्यक्त झाली होती. ती मीही व्यक्त केली होती. आज मात्र वाटते की माझे जुने घर टेकडीवर तसेच उभे राहिले हे त्या विलंबापेक्षा महत्त्वाचे होते. 'नो मॅन्स स्काय'ने जानेवारी २०२५ मध्ये नव्या धाटणीचे ग्रह आणताना वेगळाच मार्ग घेतला. आधीच्या ग्रहांवर लोकांनी बांधलेले बेस गाडले जाऊ नयेत म्हणून नवा भूभाग नव्याने जोडलेल्या जांभळ्या ताऱ्यांभोवती ठेवण्यात आला. विश्व मोठे करण्याची सोय प्रत्येक गेमला नसते हे मला समजते. पण घर कुठे आहे याचा विचार तिथे आधी झाला, आणि तो खेळताना जाणवतो.

आता प्रतिक्रिया वाचण्याविषयी. पहिल्या आठवड्यात येणारा आवाज मोठा असतो आणि त्यात सगळेच मिसळलेले असते. गेम बंद पडतो म्हणून चिडलेला, आवडते शस्त्र दुबळे झाले म्हणून रुसलेला, आणि खेळण्याची एक अख्खी रीत संपली म्हणून हळहळणारा, हे तिघेही तोच एक नकारात्मक रिव्ह्यू लिहितात. पहिल्याचा राग दुरुस्तीने जातो, दुसऱ्याचा महिनाभरात विरतो. तिसरा बहुधा फार बोलतच नाही. माझ्या मित्राने कुठेही रिव्ह्यू लिहिला नाही, त्याने फक्त गेम उघडणे बंद केले. तुमच्या आकडेवारीत तो 'खेळणे थांबवलेला' म्हणून दिसला असेल, पण त्याच्याकडून काय गेले हे त्या आकड्यात दिसणार नाही. चाचणी आवृत्ती खेळणाऱ्यांच्या मतावर विसंबतानाही हे ध्यानात असावे की तिथे येणारे लोक मुळातच नव्याची हौस असलेले आणि रोज कित्येक तास देणारे असतात. सहा महिन्यांनी परतून एकदम तीन अपडेटना सामोरा जाणारा खेळाडू त्यांच्यात नसतो.

आम्ही सुचवलेला उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, हे तुम्ही म्हणता आणि ते बरोबर आहे. 'व्हॅल्हाइम'च्या सप्टेंबर २०२१ मधल्या अपडेटने अन्नाची विभागणी केली. काही पदार्थ प्रामुख्याने आरोग्य वाढवू लागले, काही स्टॅमिना, म्हणजे दम. तेव्हा जुने आकडे परत द्या अशी मागणी अनेकांनी केली. मी त्यांच्यातलाच एक होतो, आणि माझी मागणी चुकीची होती. मला खरे तर हे म्हणायचे होते की बांधकाम करतानाही आता मला लढाईसारखी ताटाची आखणी करावी लागते आणि त्यामुळे माझ्या शांत संध्याकाळी गेल्या. हे मला तेव्हा मांडता आले नाही, म्हणून मी आकड्यांवर बोट ठेवले. बदल आवडला का, असे विचारण्याऐवजी या बदलाआधी तुम्ही काय करत होता आणि आता काय करत नाही, असे विचारले असते तर मी तेच उत्तर दिले असते.

आमच्या बाजूचे दोषही लिहिले पाहिजेत. नियम बदलल्याबद्दल माणसांना शिव्या देणे, नाव घेऊन त्यांच्यामागे लागणे, कुटुंबापर्यंत धमक्या पोहोचवणे, हे आमच्यातले काही लोक करतात आणि बाकीचे बघत बसतात. याला नाराजी म्हणता येत नाही, आणि त्याची लाज आम्हाला वाटली पाहिजे. दुसरा दोष कमी दिसणारा आहे. आम्ही आमच्या पहिल्या शंभर तासांच्या आठवणीला गेमचे खरे रूप समजतो. 'माइनक्राफ्ट'मध्ये भुकेची पट्टी बीटा १.८ मध्ये आली. त्याआधी अन्न खाल्ले की थेट प्रकृती सुधारत असे. तेव्हा त्या पट्टीविरुद्ध तावातावाने बोलणारे होते, आणि त्यानंतर आलेल्या पिढीला ती पट्टी नसलेला गेम कल्पनेतही आणता येत नाही. जुन्यांचा शब्द राखायचा म्हणून एखादा बदल मागे घेतला, तर त्या बदलातच लहानाचे मोठे झालेल्या खेळाडूंचे ज्ञान जाते. तेव्हा बदल मागे घ्या, अशी सरसकट मागणी मी या पत्रात करत नाही.

मी जे मागतो त्यातले बरेचसे कोणी ना कोणी आधीच करून दाखवले आहे. 'द लाँग डार्क'च्या निर्मात्यांनी 'टाइम कॅप्सूल' या नावाने गेमच्या जुन्या आवृत्त्या खेळाडूंसाठी खुल्या ठेवल्या. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'ची बिल्ड ४२ ही आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली ती अस्थिर म्हणून वेगळ्या शाखेत, ज्याला हवी त्याने निवडावी अशी. तिच्यात बिल्ड ४१ मधले जुने सेव्ह, म्हणजे जतन केलेली जगे, चालत नव्हते, तरी बिल्ड ४१ होती तिथेच राहिल्यामुळे कोणाचे जग एका रात्रीत बंद पडले नाही. त्याच बिल्डमध्ये हत्यार चालवल्याने स्नायूंवर येणारा ताण हा वादाचा विषय झाला, आणि आज सँडबॉक्समध्ये, म्हणजे खेळाडूने स्वतः नियम ठरवण्याच्या प्रकारात, तो ताण आपल्या पसंतीप्रमाणे कमी-जास्त करता येतो. 'व्हॅल्हाइम'मध्ये धातू पोर्टलमधून, म्हणजे क्षणात दूर पोहोचवणाऱ्या दारातून, नेता येत नाहीत या नियमावर पहिल्यापासून दोन तट होते. निर्मात्यांनी मूळ नियम तसाच ठेवला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जगाच्या नियमांची निवड खेळाडूंच्या हाती दिली. जहाजातून धातू वाहून आणण्याचा प्रवास ज्यांना प्रिय होता त्यांचा तो राहिला, आणि ज्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता त्यांचीही सोय झाली.

यातले काहीच फुकट होत नाही, हे मी जाणतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी उघड झाली तेव्हा 'माइनक्राफ्ट'च्या केवळ चालू नव्हे तर कित्येक वर्षे जुन्या आवृत्त्यांसाठीही उपाय द्यावे लागले होते. जुनी आवृत्ती उघडी ठेवणे म्हणजे तिची जबाबदारी उघडी ठेवणे. शिवाय सर्वांनी मिळून खेळायच्या गेममध्ये प्रत्येकाला वेगळी आवृत्ती दिली तर सर्व्हर ओस पडतील, आणि पर्याय वाढवत गेले तर गेमला स्वतःचे म्हणणे उरणार नाही. पाच-दहा जणांच्या चमूला हे सगळे करा असे मी सांगू शकत नाही.

पण काही गोष्टींना वेळ आणि पैसा फारसा लागत नाही. चालू जगावर नवे नियम लागू करण्याआधी गेमने थांबून विचारावे आणि त्या जगाची प्रत आपोआप काढून ठेवावी. बदलांच्या यादीत 'सुधारणा' हा एकच शब्द लिहून थांबू नये. काय बदलले, का बदलले आणि कोणाची कोणती रीत त्यामुळे मोडणार आहे, हे साध्या वाक्यांत लिहावे, आणि मोडणारी रीत सर्वांत वर लिहावी. जो बदल प्रयोग म्हणून करत असाल त्याला प्रयोग म्हणावे, आणि त्याचा निर्णय कधी घेणार तेही सांगावे, म्हणजे आम्हाला वाइपच्या गुरुवारासारखी एक तारीख मिळेल. ज्ञान निरुपयोगी होणारच असेल, तर नवे ज्ञान मिळवण्याची वाट गेममध्येच ठेवावी : अन्न वेगाने कुजणार असेल तर पहिल्या दिवशी त्याचा रंग बदललेला दिसू द्यावा, वास सुटल्याची खूण द्यावी, म्हणजे कोठार सांभाळणाऱ्याला नवा हिशेब मांडायला निदान एक हिवाळा तरी मिळेल.

अपडेट उतरण्याच्या आदल्या संध्याकाळची आमच्या जगाची प्रत माझ्याजवळ अजून आहे. मी सर्व्हर हलवण्याच्या तयारीत होतो म्हणून ती योगायोगाने निघाली होती. तिच्यात कोठार भरलेले आहे, वाळवणाच्या दांड्यांवर मांस टांगलेले आहे आणि प्रत्येक पेटीवर मित्राने लिहिलेल्या पाट्या आहेत. ज्या आवृत्तीत ती उघडते ती आवृत्ती मात्र आता कुठेही मिळत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या हाती असे दार पुन्हा उघडणे आहे, त्यांनी ते उघडावे अशी माझी विनंती आहे. तसे झाले त्या दिवशी मी सर्वांत आधी त्या मित्राला फोन करेन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक जुना खेळाडू